टाकीच्या तोंडाशी

टाकीच्या आत फोन वाजला. पुरता वाजलाही नाही. दोन सूर निसटले आणि कुणीतरी तोंडावर हात दाबावा तसा तो गप्प झाला. बाहेर, विमानाच्या पंखाखाली, ती तिच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. डोक्याच्या वर हातभर अंतरावर पंखाच्या पोटाला ते लांबट भोक होतं, माणसाच्या खांद्यांहून जेमतेम रुंद, आणि त्यातून तिच्या धाकट्या दिराचे पाय मघाशी आत गेले होते. हँगरमध्ये आवाजांना तोटा नव्हता. पलीकडे कुणी पत्र्याला भोकं पाडत होतं, ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं, टाकीत वारा सोडणारा ब्लोअर आपला घुमत होता. त्या गदारोळात दोन सूर म्हणजे काय, दुसऱ्या कुणाला ऐकूही गेले नसते. पण तिचा कान त्या भोकाला बांधलेला होता. त्यासाठीच तिला तिथे बसवलं होतं. तिला पहिल्यांदा जे जाणवलं ते भीतीसारखं नव्हतं. दुधावरची जुनी साय बोटाला चिकटावी, आणि ती थंड लिबलिबीत सालटी झटकून झटकून सुटू नये, तसं काहीतरी घशाशी आलं. किळस आली तिला. तिने तोंडात जमलेलं पाणी गिळलं आणि वर बघून हाक मारली, "मुंगळ्या, काय वाजलं रे?"

"काही नाही गं वहिनी. पाना पडला."

"पान्याला गाणं कधीपासून यायला लागलं?"

आत खरवडणं पुन्हा सुरू झालं.

विमानाचं इंधन पंखात असतं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला थट्टा वाटते. पंख म्हणजे त्याला पाखराचा पंख वाटतो, हलका, पोकळ. पोकळ असतोच तो, पण त्या पोकळीत आडव्या भिंती असतात, भिंतींना खिडक्या असतात, आणि उडताना त्या सगळ्या खोल्या इंधनाने तुडुंब असतात. कुठे सांधा पाझरायला लागला की इंधन काढून टाकतात, हवा खेळवतात, आणि मग कुणीतरी हात पुढे करून सापासारखं आत शिरतं, उताणं पडून जुना चिकट लेप खरवडतं, नवा लावतं. तो 'कुणीतरी' म्हणजे मुंगळा. अंगकाठीवरून सगळ्या हँगरने त्याला हे नाव दिलं होतं, आणि त्याच्यामुळे ती सगळ्या हँगरची वहिनी झाली होती. तिचं काम सांगायला अगदी सोपं: भोकाजवळ बसायचं आणि बोलत राहायचं. आतला माणूस बोलतोय म्हणजे शुद्धीवर आहे. हाकेला ओ आली नाही, पुन्हा हाक मारूनही आली नाही, तर गळ्यातली शिट्टी फुंकायची. जागा सोडायची नाही. लघवीला जायचं तरी दुसरं माणूस बसवून. तिच्या हातात मीटरची डबी असायची, डबीची बारीक नळी आत सोडलेली. आतल्या हवेत वाफ किती, ते डबीवर आकड्यात दिसे. आकडा दहावर गेला की आतल्या माणसाने बाहेर यायचं, वाद नाही.

आता काय बोलायचं हे नियमात लिहिलेलं नव्हतं. सुरुवातीला ती "ठीक ना?" विचारी आणि तो "ठीक" म्हणे. दोघांनाही त्याचा कंटाळा आला. मग घरचे विषय निघाले. दोन भाऊ, एक स्वयंपाकघर, मुंगळ्याची बायको कायम माहेरी निघून गेलेली, त्याची पोर हिच्याच हाताखाली वाढणारी. विषयांना काय कमी? आणि गंमत अशी की आत असलेल्या माणसाला रुसून गप्प बसायची सोय नव्हती. टॉवेल जमिनीवर का टाकतोस, पोरीच्या शाळेत का गेला नाहीस, शेजारणीला काय म्हणालास, सगळ्याला उत्तर द्यावं लागे. हँगरमधले लोक येता-जाता हसत. "वहिनी, आमच्या हिलापण एक टाकी आणून द्या हो," असं एक फिटर म्हणाला होता, त्यावर पंखाच्या आतून मुंगळा ओरडला होता, "अरे, तुला या भोकातून ढकलायला क्रेन लागेल!" तेव्हा ती पोट धरून हसली होती.

"गप्प बसू नका, भाऊजी," ती आता म्हणाली. एरवी ती त्याला अरेतुरे करी. तिचं लग्न झालं तेव्हा तो तिच्या कमरेला लागत होता, शेंबूड बाहीला पुशी. भाऊजी आणि तुम्ही हे तिच्या तोंडी आलं की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत.

"बोलतोय की. ठीक आहे."

"फोन आहे तुमच्याजवळ."

"वहिनी, हळू बोल ना जरा."

हळू बोल. ते दोन शब्द भोकातून खाली आले आणि तिच्या मांडीवर पडले, टाकीच्या तळातल्या त्या घाणीसारखे. ती घाण रोज तिच्या हातून जाई. इंधनात कुठून तरी पाणी शिरतंच, ते तळाला बसतं, आणि वर इंधन, खाली पाणी, त्या दोघांच्या शिवेवर काहीतरी जगतं. काळपट तपकिरी, लोळागोळा, नाकातून पडलेल्या घट्ट सर्दीसारखं. मुंगळा ते चिंध्यांनी पुसून खाली सोडी, ती हातमोजे घालून झाकणाच्या लोखंडी पिंपात टाकी. पहिल्या दिवशी ती हँगरच्या मागे जाऊन ओकली होती. जिथे काहीही जिवंत राहू नये अशा जागी हे कसं वाढतं, हा विचारच तिला सहन झाला नव्हता. कुणी पेरत नाही, कुणी बघत नाही. विमान उडतं, उतरतं, लोक चढतात, खिडकीतून ढगांचे फोटो काढतात, आणि पायांच्या दोन्ही बाजूंना अंधारात हे आपलं हळूहळू जाड होत राहतं.

पोरीला तिने हे सांगितलं नव्हतं, पण वाफेचं सांगितलं होतं. पोर चौकस. "काकू, तू तिथे बसून काय राखतेस? टाकी तर रिकामी असते ना?" असं तिने एकदा ताट पुढ्यात असताना विचारलं, आणि काकूला इतका आनंद झाला की तिने पोळपाट बाजूला सारून एक रिकामी बाटली घेतली. मुलांना काही समजावून सांगायचं म्हटलं की तिच्या हातांना वेगळीच घाई होई. "हे बघ, इंधन स्वतः पेटत नाही. त्याची वाफ पेटते. आणि वाफेला पेटायला हवा लागते. बाटली काठोकाठ भरलेली असली तर आत हवेला जागाच नाही, मग काय पेटणार? आणि अगदी धुऊन पुसून वारा खेळवलेली असली तर वाफच नाही. पण ओतून रिकामी केली, आणि भिंतींना थोडंसं चिकटून राहिलं, की वाफही आहे आणि हवाही आहे. दोघींची गट्टी जमली. आता फक्त एक ठिणगी हवी, बारीक, तू स्वेटर काढताना केसांत चटचट होते ना, तेवढी." पोरीने बाटलीत डोळा लावून बघितलं. "काही दिसत नाही." "तेच तर," काकू म्हणाली. "म्हणून बसावं लागतं." पोर थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "मग बाबा बाटलीत असतात तेव्हा तू स्वेटर नको घालूस हं." काकूने त्याच दिवशी कपाटातला नायलॉनचा स्वेटर काढून टाकला होता. कामावर सगळ्यांना सुती कपडे सक्तीचे होतेच; पण पोरीने सांगितल्यावर तो तिला घरातसुद्धा नकोसा झाला.

आणि त्या पोरीचा बाप फोन खिशात घालून बाटलीत शिरला होता.

"कशाला नेलात?" तिने विचारलं. आवाज वर जाऊ नये म्हणून तिने दात आवळले होते.

"अगं, शाळेतून येतो कधीकधी. पोरीला बरंबिरं नसलं तर? दिवसा बाईमाणूस नाही घरात, मला नको कळायला?"

"शाळेतून आला होता आत्ता?"

तो पुन्हा आत सरकला. लहानपणी असाच कपाटात जाऊन बसायचा. काचेची बरणी फोडली, की कपाट. आतून कडी नव्हती, पण तो दार गच्च धरून ठेवी, आणि ती नवी नवरी जमिनीवर बसून दाराशी बोलत राही, एका उंदराची गोष्ट रचून सांगे, जोवर आतून "मग?" असं येत नाही तोवर. "मग?" आलं की सुटका. तिला आता वाटलं की आपण आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या दाराशी बसून या माणसाशी बोलतच आलो आहोत, आणि आत तो प्रत्येक वेळी काहीतरी फोडून बसलेला असतो.

"दादाचा होता," तो म्हणाला.

तिच्या नवऱ्याचा. तोही याच कामातला, जन्मभर टाक्यांमधून सरपटलेला, आता गुडघ्यांनी घरी बसवलेला. त्याच्या नाकाचं केव्हाच मातेरं झालं होतं. आत शिरताना वास डोक्यात जातो, थोड्या वेळाने वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वाफ गेली. वाफ तिथेच असते, गेलेलं असतं नाक. त्याचं नाक असं रोज थोडं थोडं जाऊन एक दिवस परत आलंच नाही. घरात वास घ्यायचं खातं मग तिच्याकडे आलं. एकदा ती दोन दिवस नणंदेकडे गेली होती, परतली तर तो ग्लासातून नासलेलं दूध पीत होता, मिशीला फाटक्या दुधाच्या गुठळ्या, आणि म्हणाला, "आज दूध दाट आहे गं." तिने तो ग्लास हातातून ओढून घेतला होता. पण तिला आता दूध आठवलं नाही, आठवला तो एक सुट्टीचा दिवस. ती घरी होती, भोकाजवळ बदली माणूस होतं. नवऱ्याने भावाला फोन लावला होता, स्पीकरवर टाकून, कसलीशी किल्ली कुठे ठेवलीस म्हणून. मुंगळ्याचा आवाज असा आला, जसा डोक्यावर हंडा पालथा घालून कुणी बोलतंय. ती स्वयंपाकघरातून ओरडली होती, "अरे, विहिरीत पडलास की काय?" आणि तो म्हणाला होता, "बाथरूममध्ये आहे गं!" नवरा हसला. तीही हसली. नवरा का हसला ते तिला आत्ता, या स्टुलावर, कळलं. त्याला ठाऊक होतं. त्या आवाजात तो स्वतः आयुष्य घालवून बसला होता. तो आवाज त्याला कळणार नाही तर कुणाला? भाऊ कुठे पडून बोलतोय हे माहीत असून त्याने किल्लीचं विचारलं, आणि आजही, बायकोचा फोन हँगरच्या दारावरच्या पेटीत जमा असतो म्हणून, सरळ टाकीत फोन लावला. जसा शेजारच्या खोलीत आवाज द्यावा.

'काही होत नाही गं.' हे वाक्य त्या घरात तिने किती तोंडांनी ऐकलं होतं. गॅसची नळी चिरली आहे, काही होत नाही. ब्लोअरचा पाइप मानेवर गार वारा सोडतो म्हणून जरा बाजूला केला, काही होत नाही. आणि खरंच काही होत नसे, हेच तर त्यातलं सगळ्यात घाणेरडं. काही झालं नाही की त्याचा एक थर बसे. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. तो थर आता तिला डोळ्यांनी दिसत होता, काळपट, लोळागोळा, घराच्या भिंतींना आतून चिकटलेला, नवऱ्याच्या मिशीला, दिराच्या खिशाला. आणि आपण त्या घरात रोज कणीक मळत होतो.

हातातल्या डबीने बारीक आवाज केला. तिने खाली पाहिलं. मघाशी चारावर असलेला आकडा सातावर होता.

"पाइप कुठे आहे?"

"आहे इथेच. जरा पायाने सरकवलाय. मान आखडते गं वहिनी, तुला काय कळणार बाहेर बसून."

"पाइप तोंडाशी घे आणि बाहेर ये."

"एवढा कोपरा राहिलाय. खरवडून झाला की येतो. हा बघ, फोन सायलेंटवर टाकतो, मग तर झालं?"

"हात लावू नकोस!"

ती इतक्या जोरात ओरडली की पत्र्याला भोकं पाडणारा थांबला. आत हालचाल थांबली. तिचं डोकं विलक्षण स्वच्छ होतं, फरशी धुतल्यावर असतं तसं. तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तिचा नवरा एका फोनवर थांबणारा नव्हता. उचलला नाही की तो पुन्हा लावी, पुन्हा लावी, बसल्या बसल्या त्याला दुसरा उद्योग नव्हता. तो कुठल्याही क्षणी पुन्हा लावणार. तिला त्याला थांबवता येत नव्हतं, कारण तिचा फोन हँगरच्या पार दुसऱ्या टोकाला पेटीत होता, आणि तिला जागा सोडता येत नव्हती. आत तो भेदरून खिशात हात घालणार, बटण दाबणार, किंवा घाईत हातातून सोडणार, पत्र्याच्या त्या खोल्यांतून खडखडत. कदाचित काही होणार नाही. बहुतेक काही होणार नाही. ते 'बहुतेक' तिच्या जिभेवर आलं आणि तिला त्याची चव ओळखीची वाटली.

"मुंगळ्या, ऐक. फोन खिशात आहे तसा राहू दे. काढू नकोस, दाबू नकोस. वाजला तर वाजू दे. हातातलं सगळं तिथेच ठेव, हळू ठेव, आणि पाय माझ्याकडे आण."

"वहिनी, तू शिट्टी तर नाही ना फुंकणार?" त्याच्या आवाजात ते कपाट होतं. "फुंकलीस तर मला पुन्हा कुणी टाकीत घेणार नाही. दुसरं काय येतं मला? पोरीकडे बघ गं."

पोरीकडे बघ. तिने बघितलं. पोर बाटलीला डोळा लावून बसली होती. काही दिसत नाही, म्हणत होती.

आकडा आठ झाला. शिट्टी गळ्यात इतकी वर्षं लोंबून गुळगुळीत झाली होती. तिची दोरी घामाने काळी पडली होती. शिट्टी तोंडाला लावताना त्या दोरीचा खारट ओशट स्पर्श ओठांना झाला आणि तिला त्याचीही शिसारी आली. मग तिने फुंकली. आवाज एवढा मोठा असेल याची तिलाच कल्पना नव्हती. हँगरमधलं एकेक यंत्र घरघरत बंद पडलं, माणसं हातातलं टाकून धोक्याची हद्द आखणाऱ्या लाल दोरीच्या पलीकडे धावली. ती जागची हलली नाही. वर तोंड करून ती बोलत राहिली. "ये. डावा पाय. आता कंबर वळव. घासू नकोस, अंग सैल सोड. हां. मी आहे इथे. मग उंदीर काय म्हणाला?"

"काय?" आतून दचकून आवाज आला.

"काही नाही. ये तू."

पाय आले, गुडघे आले, मग घामाने चिंब झालेला सुती अंगरखा, आणि शेवटी ते तोंड, लाल, डोळे चुरचुरत असलेले, कपाळावर लेपाचा काळा पट्टा. ती त्याच्या दंडाला धरून त्याला लाल दोरीपलीकडे, दारापर्यंत, उन्हात घेऊन गेली. तिथे तिने हात पुढे केला. त्याने खिशातून फोन काढून तिच्या हातावर ठेवला. तो गरम होता, त्याच्या अंगाच्या उबेने, नुकत्याच मेलेल्या उंदरासारखा. तिला तो फेकून द्यावासा वाटला.

सुपरवायझर धापा टाकत आला. त्याला सगळे चष्मा म्हणत, कारण त्याचा चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त असे. वाईट माणूस नव्हता. मुंगळ्याला त्यानेच कामावर घेतलं होतं. त्याने फोन पाहिला, मुंगळ्याकडे पाहिलं, आणि क्षणात सगळं ओळखलं. मग मागे गोळा होणाऱ्या लोकांकडे नजर टाकून तो खालच्या आवाजात म्हणाला, "धड आहे ना हा? काही झालं नाही ना? झालं तर मग. शिट्टी चुकून वाजली म्हणू. काय वहिनी? घरचाच माणूस तुमचा."

"हो, चुकून," मुंगळा पटकन म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी कपाटाचं दार किलकिलं करून बघायचा, तसंच.

ती उत्तर देणार तोच तिच्या हातातला फोन वाजला. इथे उन्हात तो सबंध वाजला, ते बावळट गाणं मोकळेपणाने, कडव्यासकट. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. चष्मा एक पाऊल मागे सरला, सगळ्यांदेखत, आणि मग ते लक्षात येऊन कानकोंडा झाला. तिने फोन कानाला लावला.

"अरे, उचलत का नाहीस मघापासून?" नवऱ्याचा आवाज होता. "वहिनी आहे का जवळ? तिला विचार जरा, सकाळचं दूध तापवायचं राहिलं होतं का. मला काही कळत नाहीये, चांगलं आहे की गेलंय."

तिला वाटलं आपण आता ओकणार, सगळ्यांच्या पायांवर. पण पोटातून काहीच आलं नाही.

"ओतून टाका," ती म्हणाली.

"अगं, तू? अख्खं पातेलं आहे. वास घेऊन बघशील तू आल्यावर, ठेवतो झाकून."

"झाकू नका. ओता."

तिने फोन बंद करून चष्म्याच्या हातात दिला. "चुकून नाही वाजली," ती म्हणाली. "मी वाजवली. फोन आत होता. आकडा आठ होता."

फिटरने नेहमीची थट्टा करायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मुंगळा मटकन पायरीवर बसला. "पोरीला काय सांगणार आता?" तो म्हणाला, तिला की स्वतःला कोण जाणे.

"मी सांगेन तिला. तू बाटली धरून बस समोर."

तो हसला नाही. ती हसवायला म्हणालीच नव्हती.

टाकीतली वाफ उतरेपर्यंत तोंडाशी कुणीतरी बसायला हवंच होतं, आत माणूस नसला तरी. ती परत गेली, ब्लोअरचा पाइप नीट भोकात खोचला आणि स्टुलावर बसली. डबीवर आकडा अजून आठच होता. शेजारी पिंपाचं झाकण धावपळीत अर्धवट उघडं राहिलं होतं, वरच तळातल्या घाणीची चिंधी. झाकण लावायला ती वाकली आणि थांबली. तिने वाकूनच श्वास घेतला, रोज सकाळी पातेल्यावर घेते तसा, नाकपुड्या फुलवून. मग उभी राहून तिने चेहरा भोकाजवळ नेला आणि पुन्हा घेतला, लांब, छातीभर.

वास येत नव्हता.

तिने झाकण घट्ट लावलं, स्टूल भोकापासून मागे ओढलं, आणि डबी दोन्ही हातांत धरून ती आकड्याकडे बघत बसली.